चि. मनवास: भुलेच्या वाटेवरची सहा वर्षं

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मेमध्ये पदवी, मग एक वर्ष आयसीयू आणि लगेच सीआरएनएला, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सच्या कोर्सला, अर्ज." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुझं ते "एक वर्ष" डोक्यातून जात नाही. फोनवर आपलं बोलणं तुझी बस आली की तुटतं, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी एक जुनी गोष्ट मोकळी करते. तू शाळेत असताना आत्याने तुला सांगितलं होतं की आईला भूल देणारी नर्स व्हायचं होतं, पण तू लहान होतीस म्हणून राहून गेलं. तू ते मनात धरून बसली आहेस, मला ठाऊक आहे. खरं तसं नाही. २००९ साली मी अर्ज आणला होता. तेव्हा ही मास्टर्सची पदवी होती. दोन शिफारसपत्रंही हातात होती. बाबा तयार होते, आजी मिरजेहून येऊन राहायला तयार होती. मीच घाबरले. मराठी माध्यमातून बारावी, मग मिरजेला जनरल नर्सिंग, इथे येऊन परीक्षा देत देत मिळवलेला परवाना. वर्गात तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून बायोकेमिस्ट्री जमेल का, हीच भीती. तू पाच वर्षांची होतीस आणि तुझं निमित्त मला सोयीचं पडलं. तेव्हा माझं राहिलेलं पूर्ण करायला म्हणून तू या वाटेला जाऊ नकोस. तुला स्वतःला जायचं असेल तर जा, मी पाठीशी आहे.

आता त्या एका वर्षाबद्दल. नियम तू म्हणतेस तोच आहे: प्रवेशासाठी क्रिटिकल केअरमध्ये नोंदणीकृत नर्स म्हणून किमान एक वर्ष पूर्णवेळ काम. पण हिशेब मांडून बघ. मेमध्ये पदवी, उन्हाळ्यात एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, परवाना येऊन नोकरीला लागेपर्यंत ऑगस्ट. पुढचे तीन-चार महिने प्रिसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्सच्या हाताखाली, म्हणजे पेशंट तुझा असला तरी पाठीशी कुणीतरी उभं असतं. खऱ्या अर्थाने एकटीने पेशंट सांभाळायला लागशील ती डिसेंबरात. अर्ज बहुतेक ठिकाणी वर्ग सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी मागतात. घाई केलीस तर अर्ज भरताना तुझ्या गाठीशी जेमतेम आठ-नऊ महिने असतील. सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला दोन वर्षांत १,७५० तास थेट रुग्णसेवा लागते, त्यातले निम्मे शेवटच्या वर्षात. आठवड्याला छत्तीस तास धरले तर तेवढ्यालाच वर्ष जातं. माझा हिशेब असा: २०२६ ला आयसीयू, २०२७ च्या अखेरीस सीसीआरएन, २०२८ ला अर्ज, २०२९ ला प्रवेश, २०३२ ला हातात पदवी. तेव्हा तू अठ्ठावीसची असशील. हे वय उशिराचं नाही, मनू.

मी तासांसाठी अडून बसलेली नाही. माझ्या आयसीयूतल्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीला, एका पेशंटचं बीपी नॉरएपिनेफ्रिनच्या ड्रिपवर टिकून होतं. बॅग संपत आली होती आणि पुढची फार्मसीतून मागवायची मी विसरले. शेजारच्या खोलीत हाका मारणाऱ्या दुसऱ्या पेशंटजवळ होते. पंप वाजला तेव्हा आत धावले. बॅग कोरडी, आणि आर्ट लाइनवरचा, म्हणजे धमनीतल्या नळीवरून दिसणारा बीपीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. चार्ज नर्सने दुसऱ्या खोलीतली तयार बॅग आणून लावली. चार-पाच मिनिटांचा खेळ. पेशंट वाचला, पण त्या मिनिटांत मला काय कळलं ते कुठल्याच पुस्तकातून कळलं नसतं. औषध रक्तात किती लवकर येतं आणि किती लवकर निघून जातं, हे मी तेव्हा हातांनी शिकले. सकाळी मी स्वतःहून सगळं लिहून दिलं. त्यानंतर आजतागायत एक तृतीयांश बॅग उरली की पुढची माझ्या काउंटरवर असते.

ऑपरेशन थिएटरमध्ये तुला हेच करायचं आहे, फक्त तासांचं काम सेकंदांत. प्रोपोफॉल दिलं की माणूस अर्ध्या-पाऊण मिनिटात झोपतो, श्वास थांबतो, बीपी कोसळतं, आणि रोक्युरोनियम दिल्यावर तो बोटही हलवू शकत नाही. त्या क्षणापासून त्याचा श्वास तुझ्या हातात. आयसीयूत बीपी पडायच्या आधी त्याची चाहूल ओळखायला शिकलेली नर्स तिथे टिकते. म्हणून दोन, जमलं तर अडीच वर्षं मनापासून काढ. प्रवेशाच्या मुलाखतीत तुझी चूक विचारतात आणि ती झाल्यावर तू काय केलंस तेही विचारतात. तिथे ऐकीव उत्तर उघडं पडतं.

कुठल्या आयसीयूत जायचं, हेही विचारलं होतंस. मोठ्या हॉस्पिटलचा कार्डियाक सर्जरीचा किंवा सर्जिकल आयसीयू मिळाला तर सोडू नकोस. बायपास होऊन छाती नुकतीच शिवलेला पेशंट वर येतो, त्याच्याबरोबर भूल देणारी व्यक्ती येते आणि तुला रिपोर्ट देते: किती रक्त गेलं, कुठलं औषध कधी दिलं, श्वासनलिकेत नळी टाकताना अडचण आली का. तो रिपोर्ट नीट ऐक, प्रश्न विचार. मेडिकल आयसीयूही चांगला. तिथे व्हेंटिलेटर आणि सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने कोसळलेलं शरीर, रोज पाहशील. इमर्जन्सी विभागाचा अनुभव मात्र बरेच कोर्स धरत नाहीत, त्यामुळे तिथली चांगल्या पगाराची जागा समोर आली तरी मोह नको.

मार्कांचं फारसं सांगत नाही, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. एवढंच की तीनचा जीपीए ही उंबरठ्याची गोष्ट झाली, निवडली जाणारी मुलं त्याच्या बरीच पुढे असतात. तुझा स्टॅटिस्टिक्सचा बी आणि केमिस्ट्रीचा बी मला माहीत आहे. आयसीयूच्या दुसऱ्या वर्षी कम्युनिटी कॉलेजमधून एखादा वरच्या पातळीचा केमिस्ट्रीचा विषय घे आणि ए मिळव. निवड समितीला त्यातून दिसतं की ही मुलगी नोकरी करूनही अभ्यास करू शकते.

तू ज्या क्लीव्हलंडमध्ये राहतेस, तिथूनच या पेशाची संघटना निघाली, हे तुला कुणी सांगितलं का? लेकसाइड हॉस्पिटलमध्ये अगाथा हॉजिन्स नावाच्या नर्सने सर्जन जॉर्ज क्राइल यांच्याबरोबर भुलेचं काम केलं, १९१५ साली तिथे शाळा सुरू झाली, आणि १९३१ च्या जूनमध्ये तिथल्याच एका वर्गखोलीत नर्सेस जमल्या आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना बांधली. तिच्याही आधीची अ‍ॅलिस मॅगॉ, मिनेसोटातल्या रॉचेस्टरची, मेयो बंधूंसाठी भूल देणारी. १९०६ साली तिने लिहून ठेवलं की चौदा हजारांहून जास्त वेळा भूल दिली आणि भुलेने एकही मृत्यू झाला नाही. तेव्हा ना मॉनिटर होता, ना पल्स ऑक्सिमीटर. बोट नाडीवर, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर, आणि त्याच्याशी बोलत बोलत त्याला झोपवायचं. मला या बाईंबद्दल फार माया वाटते. १९३४ साली कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या नर्सवर डॉक्टरांनी खटला भरला की भूल देणं म्हणजे वैद्यकी आहे. १९३६ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं. आज तुझ्यासमोर जे दार उघडं आहे, ते या बायकांनी ढकलून उघडलेलं आहे.

आत्या पुन्हा विचारेल, "एवढं शिकायचं तर डॉक्टरच का नाही?" तिच्यावर रागावू नकोस. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरांचंच काम. मिरजेला ओटीत असताना मी स्वतः पाहिलं आहे, सिझेरियनची बाई टेबलावर आणि भुलेचे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलमधून यायचे आहेत, सगळे दाराकडे डोळे लावून उभे. आम्ही सिस्टर मंडळी सगळी तयारी करून ठेवायचो, पण औषध द्यायचा हक्क आमचा नव्हता. ही पदवी घेऊन तुला भारतात भूल देता येणार नाही, हे आत्ताच पक्कं मनात धर. पुढेमागे परत जायचा विचार असेल तर त्याला इथेच उत्तर हवं. आणि आता पदवी डॉक्टरेटची झाली आहे. २०२२ पासून प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) किंवा तत्सम पदवीच घेतो. पण पेशंटला सांगताना "मी नर्स, मी तुम्हाला भूल देणार आहे" एवढं स्वच्छ सांगत जा. नर्स हा शब्द लपवायची तुला कधी गरज पडू नये. काही राज्यांत तू भुलेच्या डॉक्टरांच्या टीममध्ये काम करशील, काही ठिकाणी, विशेषतः खेड्यातल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये, एकटी. आयोवाने २००१ मध्ये सगळ्यात आधी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या, नर्सने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच भूल द्यायच्या अटीतून सूट घेतली, मग इतर राज्यं मागोमाग आली. कुठे राहायचं ते ठरवताना हेही बघ.

पैशाचं बोलायला तुला आवडत नाही, पण बोलायला हवं. कोर्स तीन वर्षांचा, छत्तीस महिने. त्यात किमान ६०० केसेस आणि २,००० तासांचं क्लिनिकल काम. पहाटे पाचला हॉस्पिटल, संध्याकाळी अभ्यास. नोकरी करायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते आणि मनाई नसली तरी जमत नाही. म्हणजे तीन वर्षं फी द्यायची आणि पगार शून्य. फी ठिकाणागणिक बदलते, पण खासगी विद्यापीठात लाख डॉलरच्या वर सहज जाते. आधी मुलं सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज काढून निभावायची. २०२५ च्या कायद्याने ते नव्या कर्जदारांना १ जुलै २०२६ पासून बंद. त्यामुळे आयसीयूच्या वर्षांत दर महिन्याला बाजूला टाकलेला पैसा हाच तुझा आधार. गाडी बदलू नकोस. पुढे पगार वर्षाला दोन लाख डॉलरवर जातो हे खरं, पण त्या आकड्याकडे बघून आज खर्च करणारी मुलं मी पाहिली आहेत. आम्ही दोघांनी तुझ्या लग्नासाठी म्हणून जे ठेवलं आहे, ते शिक्षणाला वापरायचं असं बाबांनीच सुचवलं. लग्न कोर्टात करू आणि जेवण घरी घालू, असं ते म्हणतात, आणि मनापासून म्हणतात.

अजून एक गोष्ट आहे. लिहायला जड जातं. तुझ्या हाताखाली रोज फेंटानिलसारखं सवय लावणारं वेदनाशामक असेल, प्रोपोफॉल असेल, आणि दमलेलं शरीर असेल. या पेशात व्यसनात गेलेली हुशार, प्रेमळ माणसं असतात. माझ्याबरोबर काम केलेल्या एकीला आम्ही असं गमावलं. ती वाईट नव्हती. तीन महिने झोपली नव्हती आणि कुणाशीच त्याबद्दल बोलली नव्हती. तुला झोप लागेनाशी झाली, किंवा आयसीयूतल्या एखाद्या मृत्यूने आतून काही सुटलं असं वाटलं, तर मला रात्री तीनलाही फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर दुसऱ्या कुणाला कर. पण कर.

पुढच्या महिन्यात तुझ्या शिक्षिकेने ठरवून दिलेला शॅडोइंगचा, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सबरोबर राहून काम बघायचा दिवस आहे ना? त्या दिवशी फक्त इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत नळी टाकणं, बघत बसू नकोस. ते सगळ्यांना बघायचं असतं. मधले तीन तास बघ, जेव्हा काहीच घडत नाही आणि ती व्यक्ती तरीही मॉनिटर, फ्लुइड, सर्जनचे हात, पेशंटच्या पापण्या, सगळीकडे लक्ष ठेवून असते. त्या तीन तासांत तू कंटाळलीस तर खरं सांग; मग आपण दुसरा विचार करू, त्यात कमीपणा काही नाही. नाही कंटाळलीस, तरी सांग.

पंधरा तारखेच्या शनिवारी मी येते आहे. बाबांनी केलेली हिशेबाची वही आणते, आणि आत्याने पाठवलेलं मेतकूट. तुझ्या एनक्लेक्सची तारीख ठरली की कळव, त्या आठवड्यात मी रात्रपाळी घेणार नाही.

तुझी,
आई