कॉक्लिअर इम्प्लांटच्या नव्या प्रोसेसरमुळे आवाजाची दिशा कळत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांत आपल्या कंपनीचे कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारे, ऑपरेशनने बसवलेले यंत्र) आहेत. आवाज टिपून त्यांना पाठवणारे प्रोसेसर ती बाहेरून लावते. जुन्या प्रोसेसरचे सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत, असे सांगून आपल्या नाशिकच्या प्रतिनिधींनी आम्हाला बटणासारखे नवे प्रोसेसर घ्यायला लावले. तेव्हापासून आवाज कुठून आला हे तिला कळेनासे झाले आहे. मुंबई नाक्यावर मागून रिक्षाने हॉर्न दिला की ती समोर बघते आणि तशीच चालत राहते. पूर्वी शिकवणीला एकटी जायची. आता तिला एकटीला सोडायची माझी हिंमत होत नाही.

आपल्या केंद्रात तपासणी झाली आणि ‘ऐकणे उत्तम’ असा शेरा मिळाला. बंद खोली, समोर एकच स्पीकर. अशा चाचणीत दिशा कशी कळणार? ऐकू येत नाही, अशी आमची तक्रार नाहीच.

जुन्या प्रोसेसरचा मायक्रोफोन कानाच्या छिद्राशी होता, नव्याचा कानामागे डोक्यावर आहे. कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे आवाजाचे रूप बदलते, विशेषतः साधारण 4000 हर्ट्‌झच्या वर, आणि समोरचा आवाज कोणता, मागचा कोणता, हे मेंदू त्यावरून ओळखतो. पाळीपासून दूर बसलेल्या मायक्रोफोनपर्यंत ही खूण पोहोचतच नाही. मग मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटच्या संकेतांचे सेटिंग, कितीदाही करा. डाव्या-उजव्याचे म्हणाल तर दोन कानांत आवाज पोहोचण्यातला मिलिसेकंदाहूनही लहान फरक इम्प्लांटमधून नीट कळत नाही. मुलीची सारी भिस्त कुठल्या बाजूला आवाज मोठा आहे यावर. दोन्ही प्रोसेसर आपापला आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करू लागले, की तोही फरक पुसट होतो.

यातले एक अक्षरही विक्रीच्या वेळी सांगितले गेले नाही. बटण हलके आहे, केसांत लपते, एवढेच सांगितले. आम्ही लपवायला काही मागितले नव्हते. मुलीला रस्त्यावर सुरक्षित चालता यावे म्हणून दोन कानांचे ऑपरेशन केले.

कानाशी मायक्रोफोन असलेले, तिच्या इम्प्लांटला चालणारे प्रोसेसर जादा पैसे न घेता बदलून द्यावेत. त्यानंतर दोन्ही बाजूंचे सेटिंग एकत्र जुळवून, चहूबाजूंनी स्पीकर ठेवून दिशेची चाचणी घ्यावी. नाशिकमध्ये सोय नसेल तर मुंबईत, आपल्या खर्चाने. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

सोबत: बिलाची व तपासणी अहवालाची प्रत.

आपली,
एक ग्राहक व आई, नाशिक