रोजनामा नसलेली खोली

गिरगाव, रविवार रात्र

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं की तू त्यावर अंगठा उमटवून मोकळी होतेस, आणि फोनवर आपण दोघंही एकाच वेळी बोलतो. म्हणून कागद. मंगळवारी प्रमोद तुझ्याकडे येणार आहे, त्याच्या हाती देतो. आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी चाळीच्या रिडेव्हलपमेंटवरच्या हरकती लिहीत बसलोय.

दुपारी तू म्हणालीस की प्रॅक्टिस कमी करून कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसणार, आणि मी पटकन "मग हप्ता कोण भरणार" असं बोललो. ते निमित्त होतं. हप्त्याचं तू आणि सुहास बघाल. विचारायचं वेगळंच होतं, ते राहिलं आणि तू चपला घातल्यास. "बाबा, तुम्ही आयुष्यभर तारखाच दिल्यात," हे जिन्यात उभी राहून म्हणालीस, ते खालच्या सामंतवहिनींनीही ऐकलं. तारखा न्यायाधीश देतात, मी कोर्टातला कारकून, फक्त लिहायचो. पण असो.

तुझ्या 40 तासांच्या प्रशिक्षणाबद्दल मी चौपाटीवरच्या आमच्या मंडळींना सांगितलंय, हे तुला माहीत असू दे. नाडकर्णी म्हणाले, "म्हणजे लवाद का?" त्यांना समजावलं की लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. तो दोघांना बोलतं करतो, आणि निर्णय त्यांचा ते घेतात. पुढच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने समजावलं.

मी तडजोडीच्या विरुद्ध आहे असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. घरमालक-भाडेकरूचा एक दावा माझ्यासमोर इतका जुना झाला की मूळ वादी गेला, मग प्रतिवादी गेला, दोघांचे वारस रेकॉर्डवर घेण्याचे अर्ज झाले, आणि शेवटी जे दोघं समोरासमोर उभे राहिले त्यांना भांडण कशावरून सुरू झालं हेच ठाऊक नव्हतं. जिन्याखालच्या एका माळ्याचा वाद होता. एक दिवस दोन्ही वकिलांनी व्हरांड्यात चहा घेतला आणि दुपारनंतर तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, मी एक ओळ लिहिली, "दावा तडजोडीने निकाली." हेच काम तुमच्या केंद्रात चार बैठकांत झालं असतं आणि ती दोन म्हातारी माणसं ते बघायला जिवंत असती. हे मला कळतं. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

कायदाही आला तेव्हापासून बघतोय. दावा तडजोडीसाठी कोर्टाबाहेर पाठवायची वाट देणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 हे 1999 च्या दुरुस्तीतलं, लागू झालं 1 जुलै 2002 ला. मग 2005 मध्ये मद्रास हायकोर्टाने पहिलं केंद्र उघडलं आणि हळूहळू आपल्याकडे. त्या कलमात "न्यायिक तडजोड" आणि "मध्यस्थी" यांच्या व्याख्यांची अदलाबदल झालेली होती, हे तुला शिकवलं असेलच. एकीची व्याख्या दुसरीला! 2010 मध्ये अ‍ॅफकॉन्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे उलटंपालटं छापलंय, सुलटं करून वाचा. आठ वर्षं देशभर ते तसंच चालू होतं. माझ्याकडून आदेशातलं एक नाव इकडचं तिकडे झालं असतं तर संध्याकाळपर्यंत मेमो हातात पडला असता.

त्याच निकालात कुठले वाद मध्यस्थीला पाठवावेत, कुठले नाहीत, याची यादी आहे. कौटुंबिक, वाटपाचे, शेजाऱ्यांचे, भाडेकरूंचे, व्यापारी, हे पाठवावेत. फसवणुकीचे, खोट्या दस्तऐवजांचे गंभीर आरोप असतील तर नाही. चांगली यादी आहे. पण त्या यादीत माणसं नाहीत गं, वाद आहेत. वाटपाचा दावा म्हटला की तो मध्यस्थीला योग्य. त्या वाटपात एका बाजूला चार भाऊ आणि दुसऱ्या बाजूला एक बहीण असेल, तर?

आलो बघ तिथेच. मी ठरवलं होतं की हे पत्राच्या शेवटी लिहायचं.

माझी उभी नोकरी रोजनाम्यात गेली. कोण हजर, कोण गैरहजर, कुणी काय अर्ज दिला, त्यावर काय आदेश झाला, पुढची तारीख काय. रटाळ काम. पण त्या रटाळ कागदामुळे उद्या कुणी म्हणालं की मला बोलूच दिलं नाही, तर उघडून बघता येतं. तुझ्या खोलीत रोजनामा नाही. 2023 चा मध्यस्थी कायदा मी वाचला (सगळी कलमं एकदम लागू केली नाहीत, पण दिशा कळते). कार्यवाही गोपनीय, ध्वनिमुद्रण नाही, चित्रीकरण नाही, आणि तिथे बोललेलं कोर्टात सांगायला मध्यस्थाला भाग पाडता येणार नाही. 2010 मध्येच मोतीराम प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की समेट झाला तर मध्यस्थाने नुसता करार कोर्टाकडे पाठवावा, नाही झाला तर "मध्यस्थी अयशस्वी" एवढंच लिहावं. आत काय झालं ते नाही. त्यामागचं कारण पटतं. बोललेलं उद्या अंगावर येणार असेल तर कोण मन मोकळं करेल? कौटुंबिक हिंसा, मुलांचा छळ याला अपवाद ठेवलेत, तेही वाचलं. तरी रात्री झोप लागत नाही.

दोन कंपन्या असल्या तर मला काही वाटत नाही. व्यापारी दाव्यात तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी केल्याशिवाय दावाच दाखल होत नाही, 2022 च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालाने ते पक्कं झालं. झालं ते बरं झालं. दोघांकडेही वकील असतात, दोघांकडेही हिशेब असतो. मी बोलतोय ते तुझ्या आजीबद्दल.

आजीच्या त्या हक्कसोडपत्राची गोष्ट तू ऐकली आहेस, पण आंब्याच्या पेट्यांपासून पुढची. मी तेव्हा कॉलेजात होतो, तिच्याबरोबर चिपळूणला गेलो होतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा वाटा होता, हे विसूमामाला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर कागद हवा होता. कुणी आवाज चढवला नाही. मामीने पुरणपोळ्या केल्या होत्या. चार भाऊ ओटीवर बसलेले, आणि मधे अण्णा खोत, सगळ्यांना मान्य असा माणूस, गोड बोलणारा, न्यायी म्हणून नाव असलेला. अण्णा म्हणाले, "ताई, समजुतीने घेऊ. माहेर तुटायला नको." आजी चौथी शिकलेली, पण मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचायची. तिने तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मग पदर सावरला आणि सही केली. परतीच्या एसटीत महाडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पुढे दरवर्षी पेटी यायची, आणि आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, माझ्या भावांनी पाठवलीय.

तो समेट उत्तम होता बघ. वाद नाही, कोर्ट नाही, फसवणूक नाही, खोटी सही नाही. कुठल्याही तक्त्यात "यशस्वी" म्हणून बसेल.

म्हणून मी 2023 च्या कायद्यातलं ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. मध्यस्थीने झालेला करार कशाकशावरून रद्द करून मागता येतो? फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, आणि मुळात मध्यस्थीला अयोग्य असलेला वाद. मुदत 90 दिवस. मी त्यात "दडपण" शोधत होतो. नाही सापडलं. आणि कोर्टातून गेलेल्या प्रकरणात संमतीने हुकूमनामा झाला की त्यावर अपीलही नाही.

तू म्हणशील, शेवटी करार न्यायाधीशांपुढे जातो, ते विचारतात. विचारतात. मी तिथेच बसायचो. "सही तुमचीच का? अटी समजल्या का? कुणाची जबरदस्ती?" बाई मागे वळून बघते, मागे दीर उभा असतो, आणि बाई म्हणते, नाही साहेब. बोर्डावर पुढची प्रकरणं थांबलेली असतात. त्यात साहेबांचाही दोष नाही. ते "नाही" त्या खोलीत आधीच ठरून आलेलं असतं. तुझ्या खोलीत, केतकी.

आता थोडं सांगतो, राग मानू नकोस. सगळ्यांना एकत्र बसवण्याआधी बाईला एकटीला बसव, आणि बरोबर आलेल्या भावाला चहा प्यायला खाली पाठव. अटी इंग्रजीत टाइप करून आणतात, त्या तू स्वतः मराठीत वाचून दाखव, "वगैरे" न म्हणता. त्याच दिवशी सही घेऊ नकोस. कागद घरी नेऊ दे, एक रात्र जाऊ दे. रक्कम कोणत्या तारखेला, कशी, नाही दिली तर काय, हे नसेल तर तो करार नव्हे, सदिच्छा आहे. मेंटेनन्स सोडतेय असं बाई म्हणाली की लगेच लिहून घेऊ नकोस, त्याऐवजी काय मिळतंय ते तिच्या तोंडून वदवून घे. आणि कुणी "मोठ्या मनाने" हा शब्द काढला की समज, कुणाच्या तरी ताटातलं काढलं जातंय.

हे सगळं तुला शिकवलेलं असणार. तू वकील आहेस, मी नाही. माफ कर. नोकरी सुटली तरी सूचना देण्याची खोड सुटत नाही, आई रोज म्हणते.

पण खरं सांगू का, मला अण्णा खोतांची जास्त भीती वाटते. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने एक घर वाचवलं. आर. आर. आबांनी 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. कल्पना चांगली, पण गावाला बक्षीस आहे म्हटल्यावर तंटा मिटवायची घाई कुणाला आणि सोसायचं कुणी? तुमच्या केंद्रात महिन्याच्या शेवटी किती मिटले याचा तक्ता मागतात का? मागत असतील तर तो तक्ता डोक्यात घेऊन खोलीत जाऊ नकोस.

आणि तुझा स्वभाव. नळावर पुष्पाकाकू आणि सामंतवहिनींची जुंपायची तेव्हा तू सात-आठ वर्षांची. दोघींच्या मधे जाऊन उभी राहायचीस आणि भांडण थांबायचं. सगळी चाळ कौतुक करायची. कसं थांबायचं ते कुणी बघितलं नाही. तू आपली बादली मागे घ्यायचीस आणि तो नंबर पुष्पाकाकूंना द्यायचीस. मग पाणी गेलं की आई तुला ओरडायची. गौरींच्या वेळी आई आणि आत्याचं झालं तेव्हाही तेच, आणि गेल्या वर्षी सुहासच्या घरच्यांचंही तेच. समेट तुझ्या हातून होतो खरा, पण दर वेळी तुझ्याच खिशातून. तिथे तुझा खिसा नाही. द्यायची वेळ आली की समोरच्या दोघांपैकी जो लवकर देईल त्याच्याकडे हात जाईल, आणि लवकर देणारं माणूस तुझ्यासारखंच असणार. तुला ते शहाणं वाटेल.

मला ते कुणाला सांगताही येणार नाही आणि तुलाही. उद्या एखादी बाई बाहेर येऊन म्हणाली, "त्या मॅडमनी मला सोडायला लावलं," तर तुझ्या बाजूने दाखवायला एक ओळ नसेल. आणि ती खरं बोलत असेल तर तिच्या बाजूनेही नसेल. माझ्या टेबलावर ही वेळ कधी आली नाही. मी कुणाचं भलंही केलं नाही, पण ही वेळ आली नाही.

फार लिहिलं. खोली तूच निवडली आहेस, तर बस. अण्णा खोतांच्या जागी तिथे कुणीतरी बसणारच आहे, आणि ती तू असलीस तर निदान एक माणूस असं असेल ज्याला ती बादली आठवते. हे मी दुपारी म्हणायला हवं होतं, पण दुपारी मला हे सुचलं नव्हतं.

सुहासला आशीर्वाद. त्याच्या आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. गिरगावातल्या त्या डॉक्टरांची वेळ हवी असेल तर मी सकाळी जाऊन नंबर लावतो.

तुझा,
बाबा

ता. क. दडपणाचा तो मुद्दा प्रशिक्षणात कुणी काढला होता का? शिकवणाऱ्यांनी काय उत्तर दिलं? प्रमोदजवळ चिठ्ठी दे, फोनवर नको, आई शेजारीच असते.