डोक्यावरून तार गेली तर मोबदला, पाणी गेले तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेच्या पूररेषांवरच्या कालच्या अग्रलेखात ‘लाल रेषेच्या आत एक वीटही रचू देऊ नका’ असे ठणकावले आहे. सल्ला उत्तम, फक्त रेषा चुकली. बांधकामाला बंदी आहे ती नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर घेऊन. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला ५५ फूट ७ इंच आणि दोनच वर्षांनी ५६ फूट ३ इंच पाणी पाहिलेल्या गावाने ही वर्षे कशी मोजायची, ते सध्या राहू द्या.

पंचगंगेला पसरायला जागा हवी, याबद्दल नदीकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको. प्रश्न एवढाच आहे की ती जागा फुकट का? शाळेचे किंवा बागेचे आरक्षण पडले तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ चा आधार आहे. दहा वर्षांत संपादन झाले नाही की खरेदी नोटीस द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडते. पूररेषा म्हणजे आरक्षण नव्हे. त्यामुळे संपादन नाही, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) नाही, मुदतही नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, त्यावर घर मात्र होत नाही. पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई, बाग किंवा स्मशानभूमी यांना मुभा आहे. वीस गुंठेवाल्याने यातले काय काढावे, तेही अग्रलेखात सुचवायला हवे होते.

खरा अन्याय भरावात आहे. एक एकर शेत दोन मीटर उंच केले की पुराची सुमारे ८,१०० घनमीटर जागा गेली. दहा घनमीटरचा डंपर धरला तर आठशेच्या वर खेपा, आणि रोलर फिरवून दाबायचे असेल तर आणखी. एवढ्या खेपा रात्रीतून होत नाहीत, महिनाभर सगळ्या रस्त्याला दिसतात. तेवढे पाणी मग शेजारच्या न भरलेल्या शेतात उभे राहते. पुढच्या सर्वेक्षणात भरलेला प्लॉट उंच म्हणून रेषेबाहेर निघतो आणि शेजारचे शेत आत जाते. ज्याने नियम पाळला त्याचाच पट्टा निळा! रेषा आखताना भरावापूर्वीची जमीनपातळी धरा, एवढी साधी मागणी आहे. जुने नकाशे आहेत, उपग्रहाची जुनी छायाचित्रे आहेत. पण त्यासाठी भराव झाला होता हे आधी मान्य करावे लागेल.

‘शेती करा की’ असेही आपण लिहिता. करतोच आहोत. उसाच्या शेंड्यावरून पाणी गेले आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला की शेंडा कुजतो, कांडीवरचे डोळे फुटतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातात. लवकर तोड मिळाली तर थोडे हाताला लागते, पण कारखान्याचे तोडीचे पाळीपत्रक पुराला विचारून निघत नाही. भरपाईचा केंद्राचा २०२२-२६ चा निकष बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये, तोही ३३ टक्क्यांवर नुकसान पंचनाम्यात आले तर आणि दोन हेक्टरपर्यंतच. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, कधी काढून घेते. १७,००० म्हणजे गुंठ्याला १७० रुपये. आमच्याकडे गुंठ्याला टन ऊस धरतात. टनाचा दर आपल्याच अंकात पान एकवर असतो, भागाकार करून पाहावा.

मालकी न घेता जमिनीवर बंधन घालायचे तर पैसे द्यावे लागतात, हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. वीजवाहिनीच्या मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के, असे केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. जमिनीखालून तेलाची किंवा वायूची वाहिनी गेली तरी १९६२ च्या कायद्याने १० टक्के मिळतात, आणि वर पीकही घेता येते. निळ्या पट्ट्याला यातला कोणताही हिशेब लावा. तीस नको, दहापासून सुरू करा. किंवा टीडीआर द्या आणि तो लाल रेषेबाहेरच वापरायची अट घाला. शहर सुरक्षित राहावे म्हणून पाणी आम्ही अंगावर घ्यायचे असेल तर ते साठवण्याचे भाडे शहराने द्यावे.

आणि शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाबद्दल अग्रलेखात चकार शब्द नाही. तोही पूरपट्ट्यातच आहे आणि त्याला जोत्याची अट कुणी घातलेली नाही.

जाता जाता, पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज फक्त फुटांत छापता. प्रशासनाच्या पत्रकात शेजारीच समुद्रसपाटीपासूनचा मीटरमधला आकडा असतो, तो आपल्याकडे गळतो. पूररेषेची पातळीही तशाच मीटरमध्ये असते. दोन्ही आकडे छापलेत तर पाणी आपल्या बांधापासून किती खाली आहे ते घरबसल्या कळेल. जागा कमी पडत असेल तर पूर पाहायला पुलावर जमलेल्या गर्दीचा फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक वाचक, करवीर तालुका