बाबा, विचारतील ते खरं सांगा

सातारा

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा गुरुवारी आरोग्य केंद्रात बिडीबद्दल बोलायला तयार झालेत, असं दादानं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. इथे उपकेंद्रात माझं रोजचं कामच हे, म्हणून तिथं काय विचारतात ते आधीच कळवते.

बाबा, तिथं कुणी तुम्हाला रागावणार नाही. रागावून कुणाची बिडी सुटत नाही, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. दिवसाला किती ओढता आणि उठल्यावर पहिली किती वेळात लागते, हे आधी विचारतील. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची ओढ जबर आहे असं धरतात, आणि तलफ भागवायला देतात तो निकोटीनचा च्युइंगगम दोन मिलिग्रॅमचा द्यायचा की चारचा हे त्यावर ठरतं. तुम्हाला चहाच्या आधी लागते. तसंच सांगा. 'चार-पाच ओढतो' म्हणू नका, बंडल संपतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग बहुतेक विचारतील, बिडी सोडायच्या इच्छेला दहापैकी किती मार्क द्याल? समजा तुम्ही पाच म्हणालात. तर 'पाचच का' असं नाही विचारायचे, 'दोन का नाही दिले?' असं विचारतील. मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅन्सरचं सांगताना खाली मान घालून बसलेली माणसं या प्रश्नाला मान वर करतात, कारण आता बोलायचं त्यांनी असतं. स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण माणूस धरून ठेवतो. तुमचं कारण काय असेल याचा मला अंदाज आहे, पण ते मी लिहीत नाही. ते तुम्हीच सांगायचं.

'डॉक्टरांच्या दोन मिनिटांच्या बोलण्यानं काय होतंय?' असं तुम्ही मागे म्हणाला होतात. लंडनमध्ये १९७९ साली हेच तपासलं होतं. साध्या फॅमिली डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सल्ला दिला, एक पत्रक दिलं आणि पुन्हा विचारू म्हणून बजावलं. त्यातल्या ५.१ टक्के लोकांनी वर्षभर सिगारेटला हात लावला नाही. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. आकडा लहान दिसतो, पण डॉक्टरांपुढून रोज किती माणसं जातात ते बघा. आणि साठीला सोडूनही उपयोग होतो. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासात साठीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं.

सोडायची तारीख दोन आठवड्यांच्या आतलीच धरा. रात्रीची लाईट असताना उसाला दारं धरणं आणि तासगावचा बेदाण्याचा सौदा, हे दोन प्रसंग तुम्हाला जड जातील. त्यांचं काय करायचं ते तिथं मोकळेपणानं बोला. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, लांब श्वास घ्या, हात कामात ठेवा. गम खाताना चावून गिळायचा नाही. हळूहळू चावायचा, तोंडात चुणचुणलं की गालाशी धरून ठेवायचा, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, पोट साफ होणार नाही. हे सगळं जातं. तुमचा खोकला मात्र दोन आठवड्यांच्या वर चाललाय, त्यामुळे गुरुवारीच टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. ती टाळू नका.

आई, त्या दिवसांत त्यांच्या खिशाचा वास घेऊ नकोस. एखादी ओढलीच तर 'बघा, ओढलीत ना' म्हणू नकोस. एक ओढली म्हणजे सगळं संपलं असं नसतं, त्याच दिवशी परत थांबता येतं. आणि तुझी मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे गं. दातांना लावली तरी निकोटीन रक्तात उतरतंच. गुरुवारी तूही बरोबर जा आणि तुझंही सांग. दोघांची तारीख एकच धरली तर मला फार आनंद होईल.

मध्येच काही अडलं तर १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. तारीख ठरली की दादाकडून कळवा. पहिल्या आठवड्यातच बहुतेकांचं घसरतं, म्हणून त्या आठवड्यात रोज रात्री तुमचं जेवण झालं की मी फोन करीन. बाबा, फोन तुम्हीच उचला.

तुमची लेक