टेनिसचा हिशेब जरा उलगडून छापा

संपादक महोदय,

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. जन्मभर बेरजा शिकवल्या, पण टेनिसच्या पंधरा, तीस, चाळीसपुढे हात टेकले होते. नातू म्हणाला, "आजी, ते आकडे नाहीतच. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गुणाची नावं समज." मग गाडी रुळावर आली. चाळीस-चाळीस म्हणजे ड्यूस. तिथून सलग दोन गुण घेतले तरच गेम, एकच घेऊन पुढचा हुकला की पुन्हा ड्यूस. सहा गेम आणि दोनची आघाडी असली की सेट. ६-६ झाले तर टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम, त्यात मात्र सरळ एक, दोन, तीन मोजतात. हुश्श!

खरी गंमत २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्याची. फेडररचे गुण २१८, जोकोविचचे २०४, आणि जिंकला जोकोविच! वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. पण फेडररने दुसरा सेट ६-१ असा धुऊन काढला, तरी हिशेबात तो सेट एकच. जोकोविचने मात्र तिन्ही टायब्रेक मारले आणि त्यातून पाचांपैकी तीन सेट पदरात पाडले.

तुम्ही निकाल छापता ७-६ (५). कंसातले ते पाच टायब्रेक हरणाऱ्याचे, हेही मला नातवानेच सांगितलं. मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत निकालांखाली तेवढी एक ओळ छापाल का?

– एक नियमित वाचक