विहिरीवरच्या सिमकार्डाचे आयुष्य किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवा सुरू झाली, तेव्हापासून तिच्याविषयी जे छापून येते ते बहुतेक वेगाविषयीच असते. मी गेली अठरा वर्षे शेतीपंपांची पॅनेल आणि स्टार्टर बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करतो. माझ्या कामात मोबाईलचे जाळे वेगासाठी कधीच लागलेले नाही. ते लागते विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू-बंद करण्यासाठी. त्या बाजूने या विषयाकडे पाहणारे फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे अनेक ठिकाणी शेतीपंपाला थ्री-फेज वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळते. रात्रपाळीत विहिरीवर जायचे म्हणजे चिखल, साप, आणि जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात बिबट्याचीही धास्ती असते. म्हणून शेतकरी स्टार्टरशेजारी मोबाईल स्टार्टरची पेटी बसवून घेतो. पेटीत सिमकार्ड असते. त्या नंबरवर फोन लावला की पेटी तो उचलते, ठरलेले बटण दाबले की रिले (विजेने चालणारा खटका) ओढला जातो आणि मोटार सुरू होते. एखादा फेज गेला किंवा विहिरीचे पाणी तळाला लागले की पेटी स्वतःहून मालकाला कळवते. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ असे भारदस्त नाव ज्याला दिले जाते, त्याचे आमच्या शिवारातले सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी रूप हेच आहे.

गेल्या रब्बीत एका शेतकऱ्याने रिचार्ज स्वस्त पडते म्हणून पेटीतील नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला आणि त्याच दिवशी पेटी मुकी झाली. मी जाऊन पाहिले तर वायरिंग ठीक होते, अँटेना ठीक होती, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फोनला त्याच कंपनीची पूर्ण रेंज होती. दोष कशातच नव्हता. पेटीतले मोड्यूल, म्हणजे मोबाईलच्या जाळ्याशी बोलणारा भाग, २जीचे होते आणि नव्या कंपनीकडे २जी नव्हतेच. दुकानदाराने त्यांना दुसरी पेटी दिली, तिच्यावर ‘४जी’ असे ठळक छापलेले होते, तरीही तिला फोन लागेना. गव्हाला पाण्याची पाळी द्यायची वेळ होती आणि साठीच्या त्या माणसाला अकरा रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागले. पेटी विकताना हे सांगणे कोणाचे तरी काम होते.

दुसऱ्या पेटीला फोन का लागला नाही, याचे कारण मोबाईलच्या पिढ्यांच्या रचनेतच आहे. २जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी स्वतंत्र मार्ग राखून ठेवला जात असे. ४जीत असा मार्गच नाही. तिथे सगळा व्यवहार डेटाच्या पुडक्यांनी चालतो आणि आवाजही व्होल्टी (४जीवरून बोलण्याची सोय) या पद्धतीने त्याच पुडक्यांतून जातो. जुने जाळे पाठीशी असलेल्या कंपनीचे सिम घातले तर व्होल्टी नसलेली पेटी फोनपुरती २जीवर उतरते आणि काम भागते. जिच्याकडे पहिल्यापासून फक्त ४जी आहे, तिच्या सिमवर अशी पेटी डेटा पाठवू शकते, पण फोन घेऊ शकत नाही. बॉक्सवर ‘४जी’ छापणे खोटे नव्हते. ते अपुरे होते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने अपुरी माहिती खोट्याइतकीच महाग पडली.

यामागचा मोठा प्रश्न आयुष्याचा आहे. माणूस फोन तीन-चार वर्षांत बदलतो आणि नवी पिढी आपोआप त्याच्या खिशात येते. पंपाचे पॅनेल, विजेचा मीटर, द्राक्षबागेतले हवामान केंद्र ही यंत्रे एकदा बसवली की दहा-पंधरा वर्षे कोणी त्यांना हात लावू नये अशी अपेक्षा असते. परदेशात हा फटका आधीच बसला आहे. अमेरिकेतील एटी अँड टीने २०१६ संपता संपता २जी बंद केले, २०२२ मध्ये ३जीही बंद केले, आणि त्या जाळ्यांवर चालणारे घरांचे अलार्म व गाड्यांतली यंत्रे बदलावी लागली. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना अपघातात आपोआप मदत मागणारी ‘ई-कॉल’ यंत्रणा सक्तीची झाली. मात्र ती २जी-३जीच्या आवाजमार्गावर बेतलेली होती, त्यामुळे ती जाळी बंद होताना त्या गाड्यांचे काय करायचे हा पेच उभा राहिला. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्राचे आयुष्य गाडीपेक्षा कमी ठरावे, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते.

भारतात एअरटेलने २०२० पर्यंत ३जी बंद केले आणि २जी मात्र चालू ठेवले, ते साध्या फोनसाठी आणि अशा लाखो मुक्या यंत्रांसाठी उपयोगी पडत आहे. पण २जी बंद करावे अशी मागणीही उद्योगातून झालेली आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण जुन्या जाळ्यात अडकलेल्या रेडिओ लहरी नव्या कामाला हव्या असतात. यंत्रांसाठी नवे पर्यायही तयार आहेत. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांत नॅरोबँड आयओटी (‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’साठीची अरुंद पट्ट्याची) ही पद्धत आली. तिला फक्त १८० किलोहर्ट्झ पट्टा लागतो, म्हणजे २जीच्या एका २०० किलोहर्ट्झच्या वाहिनीच्या जागेत ती मावते. जुन्या जीपीआरएसच्या (२जीवरच्या डेटासेवेच्या) तुलनेत २० डेसिबल, म्हणजे शंभरपट, क्षीण संदेशही तिला पकडता यावा अशी तिची आखणी आहे, आणि यंत्र बहुतेक वेळ झोपून राहत असल्याने एका बॅटरीवर दहा वर्षे चालावे हे उद्दिष्ट ठेवलेले आहे. तळघरातल्या मीटरला किंवा बांधावरच्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला हे उत्तम आहे. ५जीच्या जाळ्यातही तिला जागा राहावी, अशी तजवीज मानकांत केलेली आहे.

पण पंपाच्या पेटीला ती सरसकट लागू पडणार नाही. तिच्यावर आवाजाची सोय नाही, आणि झोपलेले यंत्र ‘मोटार बंद कर’ हा निरोप लगेच ऐकत नाही. पंपाला वीज जागेवरच असते. त्याला झोपायची गरज नाही, ताबडतोब उत्तर देण्याची आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे अशा ठिकाणी व्होल्टी असलेले कॅट-१ (कमी वेगाच्या) प्रकारचे ४जी मोड्यूलच योग्य आहे. त्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे या कामाला हवा त्याहून कितीतरी अधिक. ५जीची ‘रेडकॅप’ नावाची हलकी आवृत्ती २०२२ मध्ये मानकांत आली. ती कॅमेऱ्यांसारख्या यंत्रांसाठी आहे, मोटार चालू करण्यासाठी तिचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता विजेच्या मीटरकडे येतो. केंद्राच्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट आहे आणि त्यांतील अनेक मोबाईलच्या जाळ्यावरच बोलणार आहेत. ब्रिटनमध्ये मीटर आणि संपर्काचा भाग वेगवेगळा ठेवला गेला, म्हणून जाळे बदलले तरी तिथे मीटर न काढता वरचा भाग बदलता येतो. शिवाय तिथल्या सरकारने आणि कंपन्यांनी २जी-३जी २०३३ पर्यंत बंद होईल, हे २०२१ मध्येच जाहीर केले. बारा वर्षांची ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडेही दूरसंचार विभागाने २जी बंद करण्याला परवानगी देण्यापूर्वी किमान दहा वर्षांची जाहीर मुदत द्यावी. सिमवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या बॉक्सवर ते कोणत्या पिढ्यांवर चालते आणि त्यात व्होल्टी आहे की नाही, हे मराठीत छापणे बंधनकारक करावे. मीटर बसवायला येणाऱ्याने त्यातले मोड्यूल कोणते आणि ते सुटे बदलता येते का, हे ग्राहकाला लेखी द्यावे. कृषी विभाग ज्या यंत्रांना अनुदान देतो, त्यांच्या निकषांत हीच अट घालायला एक परिपत्रक पुरेल, आणि ते येत्या खरिपाच्या खरेदीआधी निघावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
शेतीपंप दुरुस्ती करणारा एक वाचक