चर्चच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या, खापरपणजीचं नाव शोधून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम सलाम.

फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "अहो, वहीत होतं ते वाचून दाखवलं" म्हणालात आणि विषय बदललात. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

आमच्या घरात पुरुषांची नावं पाच पिढ्या मागेपर्यंत तोंडपाठ आहेत. बायकांची नाहीत. खापरपणजी छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळात गेली आणि तिचा मुलगा याकोब जालन्याला मिशनच्या आसऱ्याने वाढला, एवढंच ऐकत आलो. तुम्ही दफनाच्या वहीआधी बाप्तिस्म्याची वही उघडलीत, कारण मुलाच्या नोंदीत आईबापांची नावं असतात. याकोब नावाची मुलं किती निघाली! तुम्ही घाई केली नाहीत. गाव आणि बापाचा धंदा हे रकाने लग्नाच्या वहीशी ताडून पाहिलेत, साक्षीदारांचे अंगठेसुद्धा बघितलेत, आणि मगच बोट ठेवून म्हणालात, "हा तुमचा."

गावाच्या रकान्याला तुम्ही इतकं का जपता तेही तेव्हा कळलं. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे माणसं गावोगावाहून आली. मूळ गाव कुठलं, हे पुढे सांगणारी ती एकच ओळ उरते.

दफनाच्या वहीत ती सापडली. नाव, अंदाजे वय, मरणाचं कारण पटकी, म्हणजे कॉलरा. मृत्यू आणि दफन एकाच तारखेला. वर्ष 1900. मला बोलता येईना, आणि तुम्हीही बराच वेळ पान उलटलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

वहीत कबरीची जागा लिहिलेली नसते. तुम्ही मला दफनभूमीत नेऊन त्या काळच्या दगडांवरच्या तारखा रांगेने वाचायला लावल्यात. 1899 चा दगड इथे, 1901 चा तिथे, मधली जमीन मोकळी. तिचं दफन ह्याच टप्प्यात असणार, असं तुम्ही म्हणालात, नेमकी हीच जागा असं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. झिजलेल्या दगडावर चुना घासू नका, तारेचा ब्रश लावू नका, कलत्या उन्हात तिरकस बघा, अक्षरं उठतात, हेही तुम्हीच शिकवलंत.

अनेकांनी मला सांगितलं होतं की लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जुन्या नोंदींच्या प्रती आहेत, तिथे बघ. त्या प्रती आहेत, पण त्यांत मुख्यतः गोरे शिपाई, अधिकारी आणि अँग्लो-इंडियन घरं. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजातल्या, दुष्काळपीडित बाईला शोधायचं तर मंडळीच्याच वहीत. वाळवीने एक वही खाल्ली की असं एखादं माणूस कायमचं जातं. तुम्ही वह्या सुती कापडात बांधून ठेवता, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू देत नाही, हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

बाप्तिस्म्याच्या मागे चर्चची वही जात नाही. तिथून पुढची वाट तुम्ही दाखवलीत: निजामाच्या काळातले महसुलाचे उर्दू कागद, मग 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची नोंद. जुन्या कागदावरच्या फसली, म्हणजे महसुली, सालात 590 मिळवायचे, म्हणजे 1309 फसली हे 1899-1900, तिच्या मरणाचा हंगाम. मूळ गावच्या तलाठ्याकडे चौकशी सुरू केली आहे.

घरच्यांनी ठरवलंय, त्या मोकळ्या जागेच्या कडेला तिच्या नावाचा लहानसा दगड बसवायचा. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे अर्ज देतो आहे. नाव वहीत जसं लिहिलंय तसंच कोरायचं आहे, तेव्हा कारागिराला देण्याआधी मजकूर तुम्हाला दाखवायला आणतो. वह्यांच्या पानांचे फोटो पेनड्राइव्हवर घातलेत, तेही बरोबर आणतो. एक प्रत चर्चच्या कपाटात राहू द्या.

तुमचा,
याकोबचा पणतू